ससा ज्याला तोंड लावत नाही

सकाळी सडा टाकायला रंजिता बाहेर आली आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिली. काल संध्याकाळपर्यंत चांगली वीतभर वाढलेली शेवंती वाफ्यातून साफ गेली होती. एखाददुसरं रोप नव्हे, अख्खी रांग. जमिनीलगत तिरपे कापलेले खुंट तेवढे उरले होते. गुलाबाचे कोवळे कोंबही गायब, आणि मधोमध, जेवणाची पावती ठेवल्यासारख्या, गोल गोल लेंड्या.

"आई वं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

अड्याळच्या टोकाचं घर ते. कुंपणापलीकडे लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, त्यामुळे ससे काही परदेशातून आले नव्हते. कधीमधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोन लांब कान दिसायचे, माणसाची चाहूल लागली की उड्या मारत पसार व्हायचे. पण एवढंसं ते भित्रं जनावर एका रात्रीत एवढं फस्त करतं, हे तिला डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना.

शेवंती तिची नव्हती, हे खरं दुखणं होतं. ती सासूबाईंची, विमलाबाईंची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्या हातची शेवंती दर पावसाळ्यात बुडातून फुटायची. सासरे मधुकरराव सगळा दिवस छपरीतल्या खुर्चीत बसून त्या वाफ्याकडे पाहत राहायचे. उभा जन्म मागावर साड्या विणलेला माणूस. बायको गेली आणि त्यांचं डोकं चळत चाललं. सकाळी काय जेवले ते दुपारी आठवायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या साडीला कोणता काठ घातला ते बिनचूक सांगायचे. हातात कायम जुना धोटा. मागात सूत इकडून तिकडे नेतो तो, दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेला लाकडी धोटा. तो काढून घेतला की लहान मुलासारखे कासावीस व्हायचे.

त्या दिवशी मधुकररावांनी वीस वेळा विचारलं, "विमलाची शेवंती कोनं नेली?"

"सस्यानं खाल्ली, मामाजी," रंजिता सांगायची. सासऱ्यांना ती इकडच्या रीतीने मामाजी म्हणे.

"काहून खाल्ली?"

दुपारी ते जेवलेच नाहीत. रात्रीही ताट तसंच. तिसऱ्या दिवशी नुसत्या चहावर राहिलेला तो म्हातारा जीव रिकाम्या वाफ्याकडे बघत बसलेला पाहून रंजिताला राहवेना. नवरा चंदन साड्या घेऊन आठवड्यातले चार दिवस बाहेर, मुलगी दीपमाला नागपूरला होस्टेलवर. मामाजींचं सगळं तिच्या एकटीवर. तिने ठरवलं, वाफा पुन्हा फुललेला दिसला पाहिजे, आणि असा फुलला पाहिजे की सशाच्या बापाने तोंड लावता कामा नये.

तिचं माहेर लाखनीचं. तिथे हायवेला लागून सेवकरामची रोपवाटिका आहे. ट्रकांनी उडवलेली धूळ पानापानांवर बसलेली असते, पण खाली रोपं ठणठणीत. सेवकरामने तिची सगळी कैफियत ऐकून घेतली आणि हसला.

"ताई, शेवंती म्हंजे सस्याची पंगत. त्याले कोवळं, गोड, पानीदार पाह्यजे. कडू, चिकाचं, उग्र वासाचं असंन तं हुंगते अन् निंगून जाते. सदाफुली लावा, कन्हेर लावा, तगर लावा. बारमाही झाडं हायेत, एकदा लावले का वर्सानुवर्स पाहा लागत नाई."

सदाफुली तिने घेतली. कण्हेरीची दोन रोपं घेतली. पण मन भरेना. शेवंतीच्या जागी गुलाबी-पांढरं कसं चालेल? तेवढ्यात कोपऱ्यातल्या कुंडीतला एक वेल तिच्या नजरेत भरला. फुलाच्या पाकळ्या वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. रंजिताला विमलाबाईंची साडी आठवली. मामाजींनी स्वतः विणलेली, लाल-पिवळ्या काठाची. सणासुदीला त्या दुसरी साडी नेसायच्याच नाहीत.

"हे कोनतं?"

"कळलावी. ह्याचा कांदा जमिनीत राह्यते. वेल मरते, पान्यात पुन्हा येते. ससा याच्या वाटेले जात नाई." मग सेवकरामचा आवाज जरा उतरला. "पन जहरी हाये, ताई. कांदा तं निरा विष. घरी लहान लेकरू हाये का? बकरी, वासरू?"

"नाई," रंजिता म्हणाली. "घरी सारेच मोठे."

सेवकरामने मान हलवली, जरासे कोंब फुटलेले सहा कांदे कागदात बांधले आणि लावल्यावर हात साबणाने धुवायला बजावलं. कांदे म्हणजे आपल्या स्वयंपाकातले गोल कांदे नव्हेत. बोटाएवढे लांबट, भुरक्या सालीचे, काही बुडाशी फाटे फुटलेले.

ती वाफ्यात लावायला बसली तेव्हा मामाजी खुर्चीतून उठून काठी टेकत जवळ आले.

"काय लावून राहिली वं?"

"फुलझाडं, मामाजी. कळलावी."

ते खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा उठले. "काय लावून राहिली?" पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदाही. पाचव्यांदा तिची कंबर धरली होती, डोक्यावर पाऊस भरून आला होता, कुकरची शिट्टी वाजत होती. कोणीही वैतागलं असतं, तीही वैतागली.

"रताळी, मामाजी! रताळी लावून राहिली."

मामाजींचा चेहरा एकदम उजळला. "हाव का? बेस केलं. एकादशीले कामी येतीन. तुले लय आवडते ना, विमले."

"मी रंजिता, मामाजी," ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. पण मामाजी शांत झाले, रात्री दोन पोळ्या जेवले, आणि रंजिताने मनातल्या मनात त्या थापेचे आभार मानले.

आठ दिवस झाले. कळलावीचे हिरवे कोंब वीतभर वर आले. एकदा सकाळी ओल्या मातीत सशाच्या पायांचे ठसे दिसले. वाफ्याच्या कडेपर्यंत आले होते आणि तिथूनच माघारी फिरले होते. रंजिता एकटीच खदखदून हसली. चंदनला बोलावून दाखवलं.

"वा! सस्याले हरवलं म्हंजे लढाईच जिंकली," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी साड्यांचं गाठोडं घेऊन तो नागपूरला गेला. जाताना नेहमीसारखं म्हणाला, "बाबाकडे पाहजो."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. विमलाबाई प्रत्येक एकादशी धरायच्या, त्यांच्यामागे रंजिताने ती चालवली. आणि या घरात एकादशीची एक गंमत होती. विमलाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायच्या आणि त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, मधुकरराव चालता माग सोडून उठायचे. मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल, तिच्या राखेत रताळी खुपसायची, भाजून, सोलून, ताटात घालून बायकोपुढे ठेवायची. तिने खाल्ल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. आख्खी कोष्टीआळी यावरून त्यांना चिडवायची, पण गड्याने कधी खंड पाडला नाही.

रंजिताने बाजारातून आणलेली अर्धा किलो रताळी टोपलीत होती. दुपारी उकडू म्हणून ती घराच्या कडेला नळाशी कपडे धुवायला बसली. अकराच्या सुमारास मागे काठीचा आवाज आला. पाहते तर मामाजी उभे, हातात ताट, ताटात भाजून सोललेली रताळी. वाफा निघत होत्या.

ती थक्क झाली. दोन वर्षांत या माणसाने स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"घे विमले. गरम हाये, जपून."

"मी रंजिता, मामाजी," ती म्हणाली, पण डोळे भरून आले होते. ओले हात पुसून ती तिथेच ओट्यावर बसली. मामाजी समोर दगडावर बसले आणि ती खाते का ते पाहत राहिले.

पहिलं रताळं साखरेसारखं गोड. दुसरं बारकं होतं. त्याचा घास घेतला आणि तिची जीभ आतल्या आत आकसली. इतकं कडू! किडकं दिसतं, ती मनात म्हणाली, आणि भाजीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थुंकणार एवढ्यात मामाजींनी विचारलं, "गोड हाये ना?"

त्या डोळ्यांपुढे कोण थुंकेल? "हाव, गोड हाये," ती म्हणाली आणि गिळलं. आणखी दोन घास तसेच गिळले. राहिलेला तुकडा आणि ताटातलं तसलंच आणखी एक बारकं हळूच पदरात घेतलं आणि ते आत गेल्यावर मागच्या भिंतीपलीकडे भिरकावून दिलं.

तीनच्या सुमारास ती पुढच्या वाफ्याशी गेली. कळलावीचे तीन कोंब आडवे पडून सुकत होते. खाली माती उकरलेली, खड्डे रिकामे.

ससा! हेच पहिलं मनात आलं. आणि दुसरं आलं ते असं, की त्याने हे खाल्लं तर तो मेला असणार. गंमत पाहा, ज्या सशाला तिने पंधरा दिवसांपूर्वी शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठी तिला रडू यायला लागलं. आपण एका मुक्या जिवाला विष घातलं. ती कुंपणाच्या कडेकडेने, धुऱ्यावर, पार बांधीपर्यंत पाहून आली. कुठे काही नव्हतं. तिने सेवकरामला फोन लावला.

"ससा?" सेवकराम म्हणाला. "नाई, ताई. ससा वरचं वर कुरतडते. वेल तसाच पडून हाये अन् खालचा कांदा नेला? हे मानसाचं काम हाये. घरी कोन हाये तुमच्या?"

रंजिताची नजर खाली गेली. तिसऱ्या खड्ड्याच्या कडेला, चिखलात अर्धा रुतलेला, धोटा उभा होता. त्याच्या लोखंडी अणीला ओली माती चिकटली होती. बाजूला अनवाणी पावलं, आणि पावलांच्या शेजारी काठीची गोल गोल भोकं.

तिने धोटा उपसला, कमरेला खोचला आणि तशीच मागच्या अंगणात धावली. मामाजी विझलेल्या चुलीपुढे उकिडवे बसले होते. ओठ काळे, हनुवटीला काजळी. तिने हाताने राख उपसली. आत एक होतं. बोटाएवढं, बुडाशी फाटा फुटलेलं, भाजून सुरकुतलेलं. रताळं नव्हतं ते.

"मामाजी! हे खाल्लं का तुमी? सांगा ना, खाल्लं का?"

"रताळं हाये," मामाजी म्हणाले. "तूच तं लावली होती."

तीन उकरले, एक राखेत. दोन यांच्या पोटात. एवढा हिशेब तिच्या डोक्यात झाला आणि पुढचं डोकं बंद पडलं. शेजारच्या चंद्रकुमारला तिने अशी हाक मारली की तो अर्ध्या जेवणावरून उठून आला. त्याची ऑटो दारातच होती. दोघांनी मामाजींना उचलून आत बसवलं.

"काहून वो? कुठी जाऊन राहिलो?" मामाजी विचारत होते. ती त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे पाहत होती, ओठ पाहत होती, कपाळाला घाम आला का ते पाहत होती. घाम तिलाच फुटला होता. पोटात ढवळत होतं, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. भीतीने माणसाचं असं होतं, हे तिला ठाऊक होतं, त्यात उपास. तिने दात आवळून ओकारी मागे ढकलली. आता स्वतःचे लाड करायची वेळ नव्हती.

सेवकरामचा प्रश्न तिच्या कानात वाजत होता. घरी लहान लेकरू हाये का? आणि आपण किती ठसक्यात सांगितलं, सारेच मोठे! ज्याला आपण न्हाऊ घालतो, जेवू घालतो, ज्याला गप्प करायला थाप मारतो, ते लेकरू नाही तर कोण? तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, वयाने लहान पण धीराच्या. रंजिताने सोबत आणलेला राखेतला कांदा त्यांनी पाहिला आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"किती खाल्ले यांनी? किती वाजता?"

"दोन. सकाळी अकराच्या आत," रंजिता म्हणाली. तिला उभं राहवत नव्हतं. तिने खाटेची दांडी धरली.

नर्सने नळी आणली. मामाजींनी ती पाहून ओठ घट्ट मिटले. दोघांनी धरलं तरी म्हातारा आवरेना. मग एकदम मान फिरवून ते रागावून बोलले, मागावर बसून गिऱ्हाइकाला दटावायचे तसे.

"मले कायले घालता? मी तं काई खाल्लंच नाई!"

"मामाजी, तोंड काळं हाये तुमचं," रंजिता रडत म्हणाली.

"फुकनी फुकत होतो. लाकडं ओले, चूल पेटत नोती." ते डॉक्टरबाईंकडे वळले. "बाई, तिच्या आंधी मी कदी खाल्लं हाये का? आळीत विचारा कोनालेही. तिच्यासाठी उकरली, तिच्यासाठी भाजली. ताटात देल्ली. तिनं खाल्ली. गोड हाये म्हने."

"कोणी खाल्ली, आजोबा?"

मामाजींनी बोट दाखवलं. रंजिताने मागे वळून पाहिलं, कोणाकडे दाखवतात ते बघायला. मागे नुसती भिंत होती.

ती पुन्हा वळली. बोट तसंच होतं, तिच्यावर रोखलेलं.

ती जीभ आकसणारी कडू चव एकदम तिच्या तोंडात परत आली. दुसरं रताळं, बारकं, बोटाएवढं. तीन घास. ऑटोभर ती ज्याला भीती समजत होती ती भीती नव्हती. तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्याआधी दांडीवरचा हात सुटला आणि ती तिथेच फरशीवर वाकून ओकली.

"तुम्ही खाल्लं?" डॉक्टरबाई ओरडल्याच. "किती? ताई, माझ्याकडे बघा, किती?"

"तीन घास," रंजिता म्हणाली. "मले वाटलं, किडकं हाये."

मग सगळं उलटं झालं. मामाजींना उठवून स्टुलावर बसवलं आणि त्याच खाटेवर तिला निजवलं. जी नळी त्यांच्यासाठी आणली होती ती तिच्या घशात गेली. सलाइन लागलं. भंडाऱ्याला फोन गेला, अॅम्ब्युलन्स दारात आली. डॉक्टरबाई तिचा हात धरून सांगत होत्या, "आजोबांसाठी धावत आलात म्हणून वेळेत आलात. घरी असतात तर पित्त म्हणून रात्रीपर्यंत झोपून राहिला असता. आता धीर सोडू नका."

तिने धीर सोडला नव्हता, तिला तो अजून आलाच नव्हता. चार तास विष तिच्या पोटात होतं आणि ती सशाला शोधत हिंडली होती. तिला हे खरंच वाटत नव्हतं.

स्ट्रेचर बाहेर आणलं तेव्हा मामाजी काठी टेकत बरोबर आले. चंद्रकुमार त्यांना आवरत होता. अॅम्ब्युलन्स पाहताच त्यांचे पाय थबकले. दोन वर्षांपूर्वी याच फाटकातून, अशाच पांढऱ्या गाडीतून विमलाबाई भंडाऱ्याला गेल्या होत्या. त्या दिवसाचं मामाजींना काही आठवत नाही, असं घरातले सगळे धरून चालले होते.

ते स्ट्रेचरपाशी वाकले. डोळे भेदरलेले.

"विमले, मांगच्या खेपेस बी येतो म्हनली होती. आली नाई तू."

सवयीने तिच्या ओठांवर तेच वाक्य आलं, मी रंजिता, मामाजी. नळीने सोललेल्या घशाने तिने ते गिळलं. तिच्या कमरेला अजून धोटा खोचलेला होता, मातीने भरलेला; तो काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. तिने तो त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली.

या माणसाला तिने गेल्या पंधरवड्यात दोन थापा मारल्या होत्या. एक त्याला टाळायला, एक त्याचं मन राखायला. आता मारणार होती ती तिसरीही थापच होती, कारण ती विमला नव्हती. पण ही तिला खरी करून दाखवायची होती, काहीही झालं तरी.

"येतो ना जी," ती म्हणाली. "या खेपेस नक्की येतो."

मामाजींनी मान हलवली. "मंग मी थांबतो. तू आल्यावरच जेवतो."

चंद्रकुमारने त्यांचा दंड धरला आणि गाडीचं दार लागलं.